मार्जारकृमींची वाट : एका उपेक्षित चिकित्सेचा इतिहास

आपल्याकडे अश्वचिकित्सेला शालिहोत्राची परंपरा आहे, गजचिकित्सेला पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे, आणि गाईबैलांच्या दुखण्यांवरची औषधे तर गावोगावच्या जाणत्यांना मुखोद्गत असत. कारण घोडा आणि हत्ती हे राज्याचे बळ होते आणि गोधन हे शेतकऱ्याचे सर्वस्व होते. मांजराच्या वाट्याला अशी प्रतिष्ठा आली नाही. कणगीतले धान्य आणि माळ्यावरची दप्तरे उंदरांपासून राखणारा हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वावरला. तरी तो आजारी पडला म्हणजे आपोआप बरा होईल किंवा कोठेतरी आडोशाला जाऊन प्राण सोडील, अशीच सर्वांची समजूत राहिली. पोट नगाऱ्यासारखे फुगलेली पण पाठीचा कणा हाताला लागणारी पिल्ले घरोघरी दिसत, आणि ती जगली नाहीत तर भाटीची पिल्ले जगतच नाहीत असे म्हणून तो विषय संपे. त्या पिल्लांपैकी कित्येकांचा घात जंतांनी केलेला असे. या जंतांच्या ज्ञानाचा आणि उपचारांचा इतिहास पाहू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते : जंत पाडण्याची औषधे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होती, परंतु जंत कोणत्या वाटेने येतो हे उमगेपर्यंत त्या औषधांनी मांजराचे कल्याण झाले नाही, आणि पुष्कळदा अकल्याणच झाले.

मांजराच्या आतड्यांत प्रामुख्याने तीन प्रकारचे कृमी आढळतात. पहिला गोलकृमी, ज्याला शास्त्रात टॉक्सोकारा कॅटी म्हणतात. पांढुरका, शेवईसारखा आणि पूर्ण वाढलेली मादी असल्यास सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत लांबणारा हा जंत पिल्लांच्या वांतीत किंवा विष्ठेत पुष्कळांनी पाहिलेला असतो. दुसरा अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा, आतड्याच्या अंतस्त्वचेला तोंडाने चिकटून राहणारा आणि मांजराला पांडुरोगाकडे नेणारा. तिसरा पट्टकृमी, ज्याचे शरीर पेरापेरांनी बनलेले असते आणि ज्याची पक्व पेरे सुटून मांजराच्या गुदद्वाराभोवतीच्या केसांत किंवा त्याच्या निजण्याच्या जागी वळवळताना आढळतात. या पट्टकृमीच्याही दोन जाती मांजरात विशेष आढळतात, आणि त्या दोन जातींचे मूळ दोन भिन्न प्राण्यांत आहे. शास्त्राला हे कळण्यास फार काळ लागला.

प्राचीन ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याच्या मते असे कृमी प्राण्याच्या शरीरातील मलापासून स्वयंभू निर्माण होत, आणि त्याच्या नावाचा दरारा एवढा होता की युरोपातील विद्वानांनी हे मत जवळजवळ दोन हजार वर्षे शिरोधार्य मानले. जो कृमी स्वतःच उपजतो त्याची वाट शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून या एका समजुतीने सर्व शोधाचे दार बंद करून ठेवले होते. ते किलकिले करण्याचे श्रेय इटलीतील फ्रान्चेस्को रेदी या राजवैद्याला दिले पाहिजे. मांसावर माशी बसू दिली नाही तर त्यात अळ्या पडत नाहीत, हे त्याने १६६८ मध्ये प्रयोगाने दाखविले होतेच. पुढे १६८४ मध्ये त्याने जिवंत प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या जीवांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि अनेक पशुपक्ष्यांचे विच्छेदन करून त्यांच्यातील कृमींची वर्णने व चित्रे दिली. त्याच सुमारास, १६८३ मध्ये, लंडनच्या एडवर्ड टायसन याने पट्टकृमीचे सूक्ष्म निरीक्षण करून त्याचे शिर कोणते हे निश्चित केले. ज्याला शिर आहे आणि अंडी आहेत, तो जीव मलातून कसा उपजेल, हा प्रश्न यापुढे टाळता येणे कठीण झाले.

तथापि त्याचे पुरते उत्तर मिळण्यास आणखी पावणेदोनशे वर्षे जावी लागली, आणि मला विशेष महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की ते उत्तर देण्याच्या कामी मांजर आणि उंदीर ही जोडी साक्षीदार झाली. उंदराच्या यकृतावर वाटाण्याएवढे पांढरे फोड असतात आणि त्यांत गुंडाळलेला एक कृमी असतो, ही गोष्ट प्राणिशास्त्रज्ञांना ठाऊक होती. मांजराच्या आतड्यात एक जाड मानेचा पट्टकृमी असतो हेही ठाऊक होते. या दोघांची गणना मात्र भिन्न वर्गांत होत असे. १८४०च्या दशकात फॉन झीबोल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने या दोहोंची शिरे सारखीच आहेत हे ओळखले. परंतु उंदरातील कृमी हा वाट चुकून भलत्या प्राण्यात शिरलेला आणि त्यामुळे विकृत झालेला पट्टकृमी होय, असा त्याने निष्कर्ष काढला. सॅक्सनी प्रांतातील त्सिटाऊ गावी वैद्यकी करणाऱ्या फ्रीडरिख क्युखेनमायस्टर याला हे पटले नाही. निसर्ग असा प्रमाद पुनःपुन्हा करणार नाही, उंदरातील अवस्था ही कृमीच्या जीवनक्रमातील आवश्यक पायरी असली पाहिजे, अशी त्याची श्रद्धा होती, आणि ती त्याने प्रयोगाच्या कसोटीला लावली. १८५१ पासून त्याने सशातील फोड कुत्र्याला आणि उंदरातील फोड मांजराला खाऊ घातले, व पुढे त्या प्राण्यांच्या आतड्यांत वाढलेले पट्टकृमी काढून दाखविले. रुडॉल्फ लॉयकार्ट याने लवकरच उलट बाजूनेही पुरावा पुरा केला : मांजरातील पट्टकृमीची पक्व पेरे त्याने पांढऱ्या उंदरांना चारली आणि त्यांच्या यकृतात फोड कसे वाढत जातात हे पायरीपायरीने पाहून १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. मांजराने उंदीर मारावा, उंदराने मांजराच्या विष्ठेने दूषित झालेले अन्न खावे, आणि या आवर्तनावर एका तिसऱ्याच जीवाचा वंश चालावा, ही योजना प्रथमच उघडकीस आली. पुढे डुकराच्या मांसातून माणसाला होणाऱ्या पट्टकृमीचा उलगडा झाला तो याच मार्गाने. तेव्हा मनुष्याच्या आरोग्यशास्त्रावर मांजराचे हे ऋण आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या संदर्भात आपल्या वऱ्हाडातील एक प्रकरण आठवते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा शिरकाव झाल्यावर उंदीर हा सरकारी चिंतेचा विषय झाला, आणि अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनी १९०८च्या सुमारास असे आग्रहाने प्रतिपादन केले की, ज्या वस्तीत मांजरे पुष्कळ त्या वस्तीत प्लेगचा उपद्रव कमी, म्हणून लोकांनी मांजरे पाळावीत. सरकारदरबारी मांजराची अशी शिफारस क्वचितच झाली असेल. परंतु उंदीर मारण्याचे जे काम माणसाने मांजराकडे सोपविले त्याच कामातून तिच्या पोटात पट्टकृमी जातो. म्हणजे हा रोग तिच्या चाकरीचा रोग होय, आणि ज्याच्या चाकरीत तो जडला त्यावर त्याच्या निवारणाचे उत्तरदायित्व येते, असे मला वाटते.

दुसऱ्या पट्टकृमीची, म्हणजे डिपिलिडियमची, वाट याहूनही गूढ निघाली. जी मांजरे कधी उंदराच्या वाटेस जात नसत, घरातल्या घरात दूधभातावर वाढत, त्यांच्याही अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखी पेरे पडलेली सापडत. त्यांना हा कृमी कोठून मिळे? लॉयकार्टच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मेल्निकोव्ह याने १८६९ मध्ये कुत्र्याच्या अंगावरील उवेत या कृमीची बाल्यावस्था पाहिली, आणि १८८८-८९ मध्ये इटलीतील ग्रासी व रोव्हेली यांनी खरा मुख्य वाहक पिसू आहे हे सिद्ध केले. प्रौढ पिसू रक्त शोषणारी असल्यामुळे तिला कृमीचे अंडे गिळता येत नाही. पिसवेची अळी मात्र केरकचरा खाऊन वाढते, आणि त्या केरातून अंडे तिच्या पोटात जाते. अळीची पिसू होते, पिसू मांजराला चावते, मांजर अंग चाटताना पिसू गिळते, आणि आतड्यात नवा पट्टकृमी वाढू लागतो. मांजरासारखा स्वच्छताप्रिय प्राणी दिवसातून कितीतरी वेळ अंग चाटीत बसतो. त्याच्या त्या सद्गुणाचाच या कृमीने उपयोग करून घेतला आहे. यावरून हेही उघड होते की पिसवांचा बंदोबस्त न करता नुसते जंताचे औषध देणाऱ्या घरात काही आठवड्यांतच तीच पेरे पुन्हा दिसू लागतात.

गोलकृमीची हकिगत आणखी निराळी आहे. १८५२ मध्ये हेन्री नेल्सन याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांजराच्या गोलकृमीच्या प्रजननावर दीर्घ निबंध लिहिला, आणि नराचे बीज मादीच्या अंड्यात शिरताना आपण पाहिले असे त्यात नोंदविले. गर्भधारणेच्या रहस्याविषयी युरोपात जो वाद चालू होता त्यात हा निबंध महत्त्वाचा पुरावा ठरला. अशा रीतीने जीवशास्त्राने या कृमीकडून ज्ञान घेतले, परंतु नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात तो इतक्या लवकर कसा येतो, या प्रश्नाकडे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फारसे कोणी वळले नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या जे. एफ. ए. स्प्रेंट यांनी १९५६ मध्ये या कृमीचा संपूर्ण जीवनक्रम मांडला आणि दाखविले की गिळलेल्या अंड्यांतील अळ्या मांजराच्या यकृतातून फुप्फुसात व तेथून पुन्हा पोटात येतात, आणि उंदरासारख्या प्राण्यांच्या मांसात त्या निद्रिस्त राहून त्यांना खाणाऱ्या मांजरात वाढतात. कुत्रीच्या पोटातील पिल्लांना जन्मापूर्वीच गोलकृमी जडतो, मांजरीत मात्र तसे होत नाही. मग पिल्लांत तो येतो कोठून? १९७१ मध्ये स्वेर्चेक, नील्सन आणि हेल्मबोल्ट या अमेरिकन संशोधकांनी याचे उत्तर दिले : आईच्या दुधातून. ज्या दुधावर पिल्लाचे जीवन अवलंबून त्याच दुधातून त्याचा शत्रू येतो, हे कळल्यावर पिल्लाबरोबर त्याच्या आईवरही उपचार करणे का आवश्यक आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अंकुशकृमीच्या शोधाला कैरो येथील आर्थर लूस याच्या एका अपघाताने वळण दिले. १८९८च्या सुमारास माणसातील अंकुशकृमीच्या अळ्या असलेले पाणी त्याच्या हातावर सांडले, तेथे दाह झाला, आणि या अळ्या त्वचा भेदून शरीरात शिरतात हे त्याच्या ध्यानात आले. हाच लूस पुढे १९११ मध्ये सिलोनमधील एका उदमांजरात सापडलेल्या नव्या जातीचे वर्णन करतो, आणि दोनच वर्षांनी क्लेटन लेन हे अधिकारी बंगालमध्ये तीच जात माणसातही आढळल्याचे जाहीर करतात. १९२६ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात कर्बी-स्मिथ, डव्ह आणि व्हाइट यांनी वालुकामय किनाऱ्यावर वावरणाऱ्यांच्या त्वचेखाली नागमोडी सरकणाऱ्या पुरळाचा छडा लावला, आणि कुत्र्यामांजरांतील अंकुशकृमीच्या अळ्या त्याला कारण असल्याचे ठरले. त्याच वेळी मांजराचा स्वतःचा जो मुख्य अंकुशकृमी, त्याची गणना मात्र १९६२ पर्यंत अनेकांकडून कुत्र्याच्याच कृमीत केली जात होती. मांजर म्हणजे लहान आकाराचे कुत्रे, ही समजूत शास्त्रातही किती खोल रुजली होती, याचा हा उत्तम दाखला होय.

या समजुतीची खरी किंमत मांजरांनी मोजली ती औषधोपचारात. कृमिघ्न द्रव्यांची उणीव कोणत्याच देशात नव्हती. आपल्या वैद्यांकडे वावडिंग, पळसपापडी, कपिला आणि डाळिंबाच्या मुळाची साल होती. मध्य आशियातून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर किरमाणी ओवा येई, आणि त्या जातीच्या वनस्पतीतून १८३० मध्ये जर्मनीत सँटोनीन हे शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले. चरकाने विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेचे जे तीन भाग सांगितले आहेत, म्हणजे कृमी ओढून काढणे, ज्या स्थितीत तो वाढतो ती स्थिती पालटणे आणि त्याच्या कारणांचे वर्जन करणे, ती विभागणी आजच्या पशुवैद्यालाही मान्य व्हावी इतकी नेमकी आहे. परंतु मांजराच्या बाबतीत शतकानुशतके पहिल्याच भागावर सर्व भर राहिला, आणि तोही कुत्र्यासाठी ठरलेल्या औषधांनी. सुपारीचे चूर्ण हे कुत्र्याच्या पट्टकृमीवरचे युरोपातील प्रसिद्ध औषध. १८८८ मध्ये त्यातून ॲरेकोलीन हे अल्कलॉइड वेगळे काढण्यात आले आणि त्याचे क्षार कुत्र्यांना सर्रास दिले जाऊ लागले. मांजराला मात्र ते दिले असता श्वासनलिकेत कफाचा असा पूर लोटतो की तिचा जीव गुदमरतो. नेचाचा अर्क, टर्पेंटाइन, चेनोपोडियमचे तेल ही औषधे उपाशी ठेवलेल्या अशक्त पिल्लाला रेचकासह पाजली जात, आणि कृमीबरोबर कधी कधी पिल्लूही जाई.

हे असे का व्हावे, याचे एक कारण १९५८ मध्ये ब्रिटनमधील रॉबिन्सन व विल्यम्स या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आले. अनेक परकी द्रव्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ती शरीराबाहेर टाकण्याची जी शक्ती इतर सस्तन प्राण्यांच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार अल्प आहे. निसर्गाने निव्वळ मांसाहारावर वाढविलेल्या या प्राण्याला वनस्पतींतील विषे पचविण्याची गरज फारशी पडली नाही, म्हणून ती शक्ती क्षीण झाली असावी, असे मानले जाते. आपल्या नित्याच्या परिचयाची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराचा प्राण घेते ती याच उणिवेमुळे. हे कळण्यापूर्वी कुत्र्याचे औषध वजनाच्या प्रमाणात कमी करून मांजराला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना त्या यकृताची प्रकृती ठाऊक नव्हती एवढेच.

विसाव्या शतकात औषधांचा इतिहास वेगाने पालटला. अमेरिकन शासनाच्या कृषी खात्यातील मॉरिस हॉल याने १९२१ मध्ये कुत्र्यांच्या अंकुशकृमीवर कार्बन टेट्राक्लोराइड वापरून पाहिले आणि ते निर्धोक आहे की नाही हे पाहण्यासाठी स्वतःही घेतले. त्या द्रव्याने पुढे असंख्य माणसांचे अंकुशकृमी पाडले, परंतु यकृताला अपाय करणारे हे औषध मांजरासारख्या प्राण्याला मानवणारे नव्हते. त्याच वर्षी विलिस याने विष्ठा मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवून कृमींची अंडी पृष्ठभागावर तरंगू देण्याची सोपी कृती सांगितली, आणि कोणता जंत आहे हे न पाहताच औषध पाजण्याची गरज उरली नाही. विष्ठेतील अंड्यांवरून रोगनिदान करावे ही कल्पना फ्रान्समधील दाव्हेन याने १८५७ मध्येच मांडली होती. १९५० नंतर पिपेराझिनचा प्रसार झाला : ते गोलकृमीला मारीत नाही, शिथिल करून बाहेर पाठविते, आणि पिल्लांना सोसते. १९६६ मध्ये पायरँटेलचे गुण प्रसिद्ध झाले आणि गोलकृमी व अंकुशकृमी दोन्ही एकाच सौम्य औषधाच्या टप्प्यात आले. १९७५ च्या सुमारास जर्मनीतून प्राझिक्वाँटेल बाजारात आले. ते पट्टकृमीच्या त्वचेचा भेद करून त्याच्या शरीरात कॅल्शियम लोटते, कृमी आतड्यातच विरघळतो, आणि म्हणून विष्ठेत तो दिसला नाही तरी औषध लागू पडले नाही असे समजण्याचे कारण नसते. २००५ मध्ये जपानमधील कॅमेलियाच्या पानांवरील एका बुरशीपासून निघालेल्या द्रव्याच्या आधारे बनविलेले एमोडेप्साइड, प्राझिक्वाँटेलच्या जोडीने मानेवर थेंब टाकण्याच्या रूपात, खास मांजरासाठी तयार झाले. ज्या प्राण्याला गोळी देताना माणसाच्या हातावर ओरखडे उठतात, त्याच्या स्वभावाचा विचार करून औषध बनविणे ही मांजराच्या वैद्यकातील मोठी प्रगती होय.

आता आपल्या भूमीकडे वळू. मुंबईच्या परळ भागात १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय निघाले आणि १८८६ मध्ये त्याच्याच आश्रयाने बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी पुढे मुक्तेश्वरला गेली, आणि तेथील कृमिशास्त्रज्ञ गो. द. भालेराव यांनी १९३५ मध्ये हिंदुस्थानातील पाळीव प्राण्यांच्या कृमींची शास्त्रीय सूची ग्रंथरूपाने सिद्ध केली. सरकारी खात्यांचा रोख स्वाभाविकपणे घोडदळावर, जोतावरील बैलांवर आणि दुभत्या जनावरांवर होता. मांजरापासून ना महसूल मिळे, ना लष्कराला मदत. तरीही जनावरांसाठी एकदा उघडलेल्या दवाखान्याचे दार मांजरालाही बंद राहिले नाही, आणि आज महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत पिल्लू कुशीत घेऊन जंताच्या औषधासाठी रांगेत बसलेली माणसे दिसतात, हा या दीर्घ इतिहासाचा आपल्या भूमीतील परिपाक आहे.

आता वाटा कळल्या आहेत, म्हणून उपचाराची पद्धतही निश्चित झाली आहे. दुधातून येणाऱ्या कृमीसाठी पिल्लाला तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याने, दूध सुटेपर्यंत आणि त्यानंतर एकदा, व पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा औषध देतात; अंगावर पाजणाऱ्या आईलाही त्याच वेळी देतात. मोठ्या मांजराला ते किती वेळा द्यावे हे ती शिकार करते की घरातच राहते यावर ठरते, आणि मात्रा तिच्या वजनावर पशुवैद्याने ठरवावयाची असते. पिसवांचा उपाय सोबतच करावा; मात्र कुत्र्यासाठी बनविलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला प्राणघातक असल्याने तिच्या अंगाला लावू नये. गोलकृमीची ताजी अंडी लगेच बाधा करीत नाहीत, मातीत त्यांना पक्व होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. परंतु एकदा पक्व झाली की ती महिनोन् महिने टिकतात, आणि खेळता खेळता मुलांच्या तोंडात गेल्यास त्यांतील अळ्या डोळ्यात किंवा यकृतात जाऊन बसण्याचा धोका असतो. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलणे आणि मुलांच्या खेळण्याची वाळू झाकून ठेवणे यांनी जे साधते ते भीतीने मांजर घराबाहेर काढून साधत नाही.

ज्यांनी या वाटा शोधल्या त्यांतील बहुतेकांना मांजराविषयी विशेष ममता होती असे म्हणता येणार नाही; कोणाला सृष्टीचे कोडे उलगडावयाचे होते, कोणाला माणसाचा रोग बरा करावयाचा होता. परंतु त्यांच्या ज्ञानाचा लाभ पिल्लापर्यंत पोहोचवावयाचा असेल तर त्याला ममतेची जोड द्यावी लागते, आणि ती ममता देणे हे मांजर पाळणाऱ्याचे काम आहे. चुकलेली एक मात्रा, न झाडलेले अंथरूण, न उचललेली विष्ठा यांतून कृमी पुन्हा वाट काढतो. आणि ज्या घरात पंचांगातील तिथीइतक्या निष्ठेने औषधाचा दिवस पाळला जातो, तेथे ती वाट बंद होते. कोणत्याही नव्या औषधाची प्रतीक्षा न करता हे आज प्रत्येक घराला करता येण्यासारखे आहे.